स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया: टेबलावर काय होतं आणि पुढचे महिने कसे जातात

खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी पडलेल्या खाचा रात्री ब्रा काढली तरी बुजत नाहीत. दिवस कलला की मान आणि पाठीचा वरचा भाग भरून येतो. स्तनांखालच्या घडीत घाम साचून कातडी लाल होते, खाजते, चिरते. मलमाने बरी होते आणि पुन्हा तेच. धावायचं तर एकावर एक दोन ब्रा. हा दिसण्याचा प्रश्न नाही, वजनाचा आहे. वेदनाशामक गोळ्या, व्यायाम, नीट मापाची ब्रा यांनी उतार पडतो, पण भार जागेवरच राहतो. म्हणून ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या बाईने कुणापुढे कारणं देत बसायची गरज नाही. मात्र नेमकं काय होणार आहे हे तिला आधीच ठाऊक हवं, कारण बरं होण्यातला मोठा वाटा तिच्याच हातात असतो.

सगळं फिरतं ते निपलच्या रक्तपुरवठ्याभोवती

स्तनात दुधाच्या ग्रंथी असतात, चरबी असते, या दोन्हींना धरून ठेवणारे तंतू असतात आणि वरून कातडी. वजन वाढलं की कातडी ताणली जाते आणि निपल खाली सरकतं. त्यामुळे सर्जनला एकाच वेळी तीन कामं करायची असतात: जास्तीचा भाग काढायचा, सैल कातडी कापून घट्ट करायची, आणि निपल भोवतीच्या गडद वर्तुळासकट वर आणायचं.

काढायचं काय हे ठरवणं त्या मानाने सोपं. ठेवायचं काय, यात खरं कौशल्य आहे. बहुतेक शस्त्रक्रियांत निपल पूर्ण सुटं केलं जात नाही. स्तनाच्याच मांसाची एक जाड पट्टी त्याला जोडलेली ठेवतात. तिला देठ म्हणू. निपलला रक्त पोचवणाऱ्या धमन्या, रक्त परत नेणाऱ्या शिरा, संवेदनेच्या नसा आणि दुधाच्या काही नलिका या देठातून जातात. देठाच्या आजूबाजूचा भाग काढून टाकतात, देठ वर सरकवून नव्या जागी बसवतात आणि उरलेली कातडी त्याभोवती गुंडाळून शिवतात. देठ खालच्या बाजूने ठेवायचा, वरून ठेवायचा की छातीच्या मधल्या हाडाकडून, हे स्तनाचा आकार आणि सर्जनचा हातखंडा पाहून ठरतं.

लांब पाइपाच्या टोकाला पाण्याचा दाब जसा कमी मिळतो, तसं देठ जितका लांब तितकं त्याच्या टोकाला, म्हणजे निपलला, रक्त कमी पोचतं. एवढी गोष्ट लक्षात ठेवली की पुढच्या बहुतेक सूचनांचा अर्थ आपोआप लागतो. सिगारेट का सोडायची, ब्रा फार घट्ट का घालायची नाही, पहिल्या रात्री नर्स पुन्हा पुन्हा येऊन निपल का पाहते, या सगळ्याचं उत्तर त्या देठात आहे.

चिरे कुठे पडतात

मोठ्या स्तनांसाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत नांगराच्या आकाराची. एक चीर गडद वर्तुळाभोवती, दुसरी तिथून सरळ खाली, तिसरी स्तनाखालच्या घडीत आडवी. जहाजाच्या नांगरासारखा आकार होतो, म्हणून हे नाव. कातडी बरीच काढायची असेल तर ही पद्धत भरवशाची. मध्यम आकाराला काडीवरच्या लॉलिपॉपसारखी चीर पुरते: वर्तुळाभोवती एक आणि खाली उभी एक. आडवा व्रण टळतो, पण उभ्या टाक्याच्या खालच्या टोकाशी कातडीला चुण्या पडतात. त्या जिरायला काही महिने लागतात. क्वचित भूल देऊन तेवढाच भाग नंतर नीट करावा लागतो.

नुसत्या लायपोसक्शनने, म्हणजे बारीक नळीने चरबी ओढून घेऊन, काम भागतं ते थोड्याच जणींचं. ज्यांच्या स्तनात ग्रंथीपेक्षा चरबी जास्त आहे, कातडी अजून लवचीक आहे आणि निपल फार खाली आलेलं नाही, त्यांनाच याचा फायदा. चरबी निघते, कातडी मात्र आहे तेवढीच राहते.

दुसऱ्या टोकाला अतिशय मोठे, खूप ओघळलेले स्तन. तिथे देठ इतका लांब होईल की टोकाला रक्त पोचण्याची खात्री नसते. अशा वेळी निपल आणि वर्तुळ पूर्ण काढून पातळ करतात आणि कातडीच्या कलमासारखं नव्या जागी लावतात. ते जगतं, पण त्यातली नेहमीची संवेदना आणि स्तनपान ही दोन्ही जातात, आणि रंग मधे मधे फिका पडू शकतो. ही शक्यता तुमच्या बाबतीत किती आहे, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. सही करायच्या कागदावर ते पहिल्यांदा वाचायला मिळू नये.

आधीचे काही आठवडे

तंबाखूपासून सुरुवात करते, कारण इतकं नुकसान दुसरं काहीच करत नाही. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. देठाच्या टोकाला आधीच जेमतेम रक्त. त्यात वाहिन्या आकसल्या की कातडीच्या कडा काळ्या पडतात, टाके उसवतात, निपलचा भाग मरूही शकतो. शस्त्रक्रियेच्या आधी किमान ४ आठवडे आणि नंतर किमान ४ आठवडे पूर्ण बंद. चघळायची तंबाखू, ई-सिगारेट, निकोटीनचा च्युइंगम आणि पॅच यांतही तेच निकोटीन असतं, म्हणून त्यांबद्दलही सर्जनला सांगा. काही ठिकाणी आधी लघवीची तपासणी करून निकोटीन शरीरातून गेलंय का ते पाहतात. ओढत असाल तर खरं सांगा. तारीख पुढे गेली तर फार बिघडत नाही.

वजन काही महिने एका जागी स्थिर असावं. मोठं वजन उतरवायचा बेत असेल तर तो आधी पार पाडावा. नंतर उतरवलं तर स्तन पुन्हा रिकामे होऊन ओघळतात. मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी. नुकतं स्तनपान थांबवलं असेल तर दूध आटून स्तनांचा आकार स्थिरावेपर्यंत, साधारण ६ महिने, थांबावं. वयात येणाऱ्या मुलींमध्ये स्तनांची वाढ थांबून किमान एक वर्ष गेलेलं असणं चांगलं. वाढ चालू असताना केलं तर पुन्हा करण्याची वेळ येऊ शकते.

४० च्या पुढच्या बाईची आधी मॅमोग्राफी होते, तरुण वयात गरज वाटली तर सोनोग्राफी. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्व, लसणाच्या गोळ्या यांनी रक्तस्राव वाढू शकतो. जे काही घेता त्याची यादी द्या, वनौषधीसुद्धा. रक्त पातळ करायची औषधं मात्र मनाने बंद करायची नाहीत. ती कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची ते डॉक्टर ठरवतात. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून त्यांचाही उल्लेख करा.

आणि मापाबद्दल. ‘मला सी कप हवा’ असं सांगितलं तरी कुणी प्रामाणिक सर्जन त्याची हमी देणार नाही. कपचं माप ब्राच्या कंपनीनुसार बदलतं. शिवाय देठ जिवंत ठेवायला लागेल तेवढं मांस ठेवावंच लागतं, म्हणून किती लहान करता येईल यालाही मर्यादा असते. मापाच्या अक्षरापेक्षा ‘शरीराच्या मानाने लहान’, ‘मध्यम’ किंवा ‘पुढून भरलेले पण हलके’ असं बोललं, आवडलेल्या आकाराची चित्रं दाखवली, तर दोघांचं म्हणणं लवकर जुळतं.

त्या दिवशी

खुणा उभं करून किंवा बसवून करतात, झोपवून नाही, कारण झोपल्यावर स्तन बाजूला पसरतात आणि सगळी मापं चुकतात. गळ्याच्या खळगीपासून सरळ रेघ, स्तनाखालच्या घडीची पातळी, आणि त्या पातळीच्या आसपास निपलची नवी जागा. ही जागा बऱ्याचदा खळगीपासून २१ ते २४ सेंटिमीटरवर येते. उंच बाईला थोडी खाली. अनुभवी हात ती जरा खालीच धरतो. कारण सरळ आहे: निपल खाली राहिलं तर नंतर वर घेता येतं, पण फार वर गेलं तर खाली आणायला वर कातडीच उरलेली नसते, आणि ते ब्राच्या कडेतून डोकावत राहतं. खुणा चालू असताना आरशात पाहायला मागा. तो तुमचा हक्क आहे.

पूर्ण भूल दिली जाते. २ ते ४ तास लागतात. गडद वर्तुळावर सुमारे ४ सेंटिमीटर व्यासाची धातूची रिंग दाबून नवा गोल आखतात. काढलेला भाग डावा-उजवा वेगळा ठेवून त्याचं वजन करतात. एका बाजूचे काही शे ग्रॅमपासून किलोच्या वरपर्यंतही भरतात. मधे टेबलाचा वरचा भाग उचलून पेशंटला भुलेतच बसतं करतात आणि पायथ्याशी उभं राहून दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते पाहतात. काढलेलं सगळं तपासणीला जातं. तो अहवाल हातात आल्याशिवाय प्रकरण संपलं असं समजू नका; विसरला गेला तर स्वतः मागा. टाके बहुतेक आतून, विरघळणारे. साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी काहीजण घालतात, काही नाही; घातली तर बहुधा एक-दोन दिवसांत काढतात. त्याच दिवशी किंवा एका रात्रीनंतर घरी सोडतात.

पहिले ४८ तास

या काळात दोन गोष्टींवर डोळा ठेवायचा.

पहिली, एका बाजूची अचानक वाढ. दोन्ही स्तन सुजणार, निळे-जांभळे होणार, हे अपेक्षितच आहे. पण एक बाजू तास-दोन तासांत दुसरीपेक्षा मोठी, दगडासारखी टणक आणि ठणकणारी झाली, तर आत रक्त साचतंय. ते आत राहिलं तर देठ दाबला जातो. पुन्हा टेबलावर घेऊन रक्त काढावं लागतं. वेळेवर केलं तर शेवटच्या आकारावर परिणाम होत नाही. ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणून थांबायचं नाही.

दुसरी, निपलचा रंग. पांढरटफिकं आणि गार पडलं तर रक्त येत नाहीये. निळसर, जांभळं होऊन फुगलं तर रक्त येतंय, पण परत जायला वाट मिळत नाहीये. पहिल्यापेक्षा ही दुसरी अडचण जास्त वेळा दिसते. काही टाके सैल केले, दाब काढला की पुष्कळदा रंग परत येतो. वर्तुळ मुळात गडद असेल तर रंगावरून कळणं अवघड जातं. अशा वेळी गारपणा आणि शेजारच्या बाजूशी तुलना हीच खूण. शंका आली की फोन करायचा, रात्रीचे २ वाजलेले असले तरी.

दुखणं बहुतेकींना वाटलं होतं त्यापेक्षा कमी असतं: ओढल्यासारखं, भाजल्यासारखं, सगळ्यात जास्त पहिले ३-४ दिवस. पॅरासिटामॉल दुखेपर्यंत न थांबता ठरलेल्या वेळेला घ्यावी. जास्त कडक गोळ्यांनी पोट हमखास अवघडतं, म्हणून पाणी भरपूर आणि लागलं तर रेचक पहिल्या दिवसापासूनच. त्याच संध्याकाळी उठून खोलीत चालायचं. पायात गाठ होऊ नये याचा तोच सगळ्यात साधा उपाय.

घरी

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एक काम करून ठेवा: रोज लागणारी प्रत्येक वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत आणा. वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर ताणला की ताण थेट टाक्यांवर येतो. पुढून बटणं असलेले कपडे, पाठीमागे उशांची उतरण करून पाठीवर झोपायची सोय, आणि निदान पहिला दिवस-रात्र सोबतीला कुणीतरी.

पहिले दोन आठवडे २-३ किलोपेक्षा जास्त काही उचलायचं नाही. भरलेली बादली नाही, ओल्या कपड्यांचा पिळा नाही. लहान मूल असेल त्या आईला हे सगळ्यात जड जातं: ४ आठवडे तरी मुलाला उचलून घेता येणार नाही. त्याने सोफ्यावर चढून तुमच्या कुशीत शिरावं, असं आधीच शिकवून ठेवा.

पुढून उघडणारी, तारेशिवायची, मऊ ब्रा दिवसरात्र ४ ते ६ आठवडे. तिने आधार द्यायचा, आवळायचं नाही. खालून दोन बोटं सहज जायला हवीत. आंघोळ बऱ्याच ठिकाणी दोन दिवसांनी चालते, डोक्यावरून पाणी वाहू द्यायचं, चोळायचं नाही, नंतर टिपून कोरडं करायचं. टब किंवा तलाव जखमा पूर्ण भरेपर्यंत बंद.

बसून करायचं काम असेल तर १ ते २ आठवड्यांत परत जाता येतं. अंगमेहनतीचं असेल तर ४ ते ६. गाडी चालवण्याची कसोटी अशी: कडक गोळ्या बंद आहेत, बेल्ट खुपत नाही, आणि कचकन ब्रेक दाबून स्टिअरिंग वळवताना हात आखडत नाही. हे साधारण दोन आठवड्यांनी जमतं. चालणं पहिल्या दिवसापासून, भरभर चालणं ३-४ आठवड्यांनी, धावणं आणि छातीचे व्यायाम ६ ते ८ आठवड्यांनी सर्जनने होकार दिल्यावर.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मन एकदम खचू शकतं. भूल उतरलेली, झोप मोडलेली, आणि आरशात सुजलेलं, टाके घातलेलं, अनोळखी काहीतरी दिसतं. रडू येतं. बऱ्याच जणींचं हे काही दिवसांत ओसरतं. ओसरलं नाही तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगंच दुखणं आहे.

ती छोटी जखम, जिच्यामुळे घाबरायला होतं

नांगराच्या चिरेत उभा टाका जिथे आडव्याला मिळतो, तो तिठा या शस्त्रक्रियेतली सगळ्यात कच्ची जागा. कातडीची टोकं तिथे एकत्र येतात, प्रत्येक टोक आपल्या रक्तपुरवठ्यापासून सगळ्यात लांब असतं, आणि ताण सगळ्यात जास्त तिथेच. वर ती जागा घडीत, घामात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सगळं छान चाललंय असं वाटत असतानाच, तिथली खपली निघते आणि खाली नखाएवढी, कधी नाण्याएवढी उघडी जखम दिसते. तळाशी पिवळसर चिकट थर असतो. तो पू असेलच असं नाही. बहुतेकदा तो मेलेल्या पेशींचा थर असतो आणि भरताना हळूहळू सुटतो.

ही या शस्त्रक्रियेतली सगळ्यात जास्त दिसणारी अडचण आहे. ती उद्भवली म्हणजे तुमची किंवा सर्जनची चूक झाली असं नाही. सलाइनने धुणं, सांगितलेलं ड्रेसिंग, घडीत कोरडी गॉझ, आणि धीर. जखम तळापासून वर भरत येते. २ ते ६ आठवडे लागतात. पुन्हा टाके घालायची घाई करत नाहीत, कारण ताण तसाच असतो आणि ते पुन्हा सुटतात. भोवतीची लाली पसरत चालली, वास येऊ लागला, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर मात्र तो संसर्ग. तेव्हा त्याच दिवशी दाखवा.

आणखी एक किरकोळ गोष्ट: महिन्या-दीड महिन्याने टाक्याच्या रेषेवर मुरुमासारखा फोड येतो, फुटतो आणि आतून पांढऱ्या धाग्याचं टोक डोकावतं. विरघळायचा राहिलेला टाका शरीर बाहेर ढकलतंय. ओढू नका, नर्स कापून देते आणि दोन दिवसांत जागा मिटते.

पोटरी एकाच बाजूला सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर सर्जनच्या वेळेची वाट न पाहता सरळ तातडीच्या विभागात जायचं.

आकार, व्रण, संवेदना

सुरुवातीला स्तन उंच, चौकोनी, वरून फुगलेले आणि खालून चपटे दिसतात. तो शेवटचा आकार नव्हे. वजनाने मांस खाली बसतं, खालचा भाग गोल होतो; ३ ते ६ महिने द्या. दोन्ही बाजू एकाच वेगाने उतरत नाहीत. थोडा फरक कायमचा राहतोही, आणि तो शस्त्रक्रियेपूर्वीही होताच.

व्रण पहिले ३-४ महिने उलट जास्त लाल किंवा काळसर आणि जाड होतात, मग १२ ते १८ महिन्यांत मऊ आणि फिके पडत जातात. ते पुसले जात नाहीत. छातीच्या मध्याकडचं टोक सगळ्यात जाड राहण्याची शक्यता. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची पट्टी रोज १२ तासांहून जास्त, किमान ३ महिने, आणि वर्षभर उन्हापासून जपणूक, एवढ्याचा उपयोग होतो. अंगावर पूर्वी कुठे केलॉइड, म्हणजे जखमेच्या बाहेरही वाढत जाणारा जाड, उंच व्रण, झालेलं असेल तर ते आधीच सांगायला हवं होतं. राहून गेलं असेल तर आता सांगा, उपचार लवकर सुरू करता येतात.

निपल बधिर होणं, किंवा उलट कपडा लागला तरी झोंबणं, दोन्ही होतं. मधूनच विजेसारखी चमक उठते. नसा पुन्हा जोडल्या जातायत. बहुतेकींची संवेदना काही महिन्यांत बरीचशी परत येते, काहींची कायमची कमी राहते. स्तनपानाचंही तसंच. देठात नलिका शाबूत राहिल्या असतील तर दूध येऊ शकतं, पुरेल याची खात्री नाही. काहींना वरच्या दुधाची जोड द्यावी लागते. मूल लवकरच हवं असेल आणि स्तनपान तुमच्यासाठी महत्त्वाचं असेल, तर शस्त्रक्रिया नंतर करणं जास्त शहाणपणाचं. गरोदरपणात स्तनांचा आकार पुन्हा बदलतो, हेही एक कारण आहेच. उरलेल्या भागात चरबी असतेच, त्यामुळे वजन वाढलं की स्तनही वाढतात.

काही महिन्यांनी हाताला टणक गाठ लागू शकते. रक्त न मिळालेली चरबी मरून घट्ट होते आणि अशी गाठ तयार होते. ती निरुपद्रवी असते. पण ती तीच आहे हे तपासल्याशिवाय धरून चालायचं नाही. मॅमोग्राफीच्या वयाच्या बाईने ६ ते १२ महिन्यांनी नव्याने मॅमोग्राफी करून घ्यावी, म्हणजे पुढच्या प्रत्येक वेळी तुलना बदललेल्या स्तनाशी होते. जुन्या व्रणांच्या जागी चुन्याचे ठिपके दिसतात. शस्त्रक्रिया झाल्याची तारीख आणि व्रणांची जागा तपासणी करणाऱ्याला सांगितली की विनाकारण सुई घालून तपासायची वेळ टळते.

तारेची, नव्या मापाची महागडी ब्रा ३ महिन्यांआधी घेऊ नका, ६ महिने थांबलात तर उत्तम. सूज उतरेपर्यंत माप बदलत राहतं, आणि तार ज्या घडीवर टेकते तिथेच तो तिठा असतो.